माघाच्या साच्यातला आषाढ

जोहे, ता. पेण
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रणितास मैनाआत्याचा आशीर्वाद.

तू बरी असशील, आम्ही बरे आहोत. एवढं पुरे. कारण मला राग आला आहे आणि तो दोन आठवडे झाले तरी खाली बसत नाही.

भरल्या सभेत तू मला काय म्हणालीस गो? शाळेच्या खोलीत सोलरच्या बॅटरीसाठी अकरा गणपती-कारखान्यांची माणसं बसलेली, भिंतीवर तू तो उजेड पाडलेला, आणि मी साधा एक प्रश्न विचारला की पाच तासांची बॅटरी आम्हाला पुरेल का. तू चष्मा वर केलास आणि म्हणालीस, "आत्या, आकडे तुमचेच आहेत." झालं. लोक हसले. हैबतराव सगळ्यात मोठ्याने हसले. खांबला माहेरी असताना तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्या आहेत, आणि तू मला आकडे तुमचेच म्हणतेस.

फोन लावला तर मीटिंगमध्ये आहे, नंतर करते. नंतर म्हणजे कोणत्या साली? म्हणून पत्र. तुझ्या रघूदादाकडून तुझ्या ऑफिसचा पत्ता घेतला. माझी शाळा तिसरीपर्यंतची, अक्षर कोंबडी चालल्यासारखं, ते तुला माहीत आहे. न कळलं तर दोनदा वाच. मध्येच सोडू नकोस.

आता पाच तासांचं बोलू. या वर्षी आषाढात वळणावरचं आंब्याचं झाड तारांवर पडलं. सकाळी आठला लाइन गेली, ती दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला आली. आमच्या शेडमध्ये दीड फुटी शाडूचे साठ गणपती, नुकते हात बसवलेले, ओले. बाहेर पाऊस असा की अंगणातली तुळस दिसत नव्हती. पंखे बंद, दिवे बंद. दुपारपर्यंत हात खाली यायला लागले. तुझे काका एकेक हात काठीने टेकू देऊन धरत होते आणि मी दुसऱ्या बाजूने. रंगवलेल्या दहा मूर्ती होत्या, त्यांचा रंग दमटाने पांढरा पडला. अकरा कारखान्यांत हेच चाललेलं. मग तुझी पाच तासांची बॅटरी आठ वाजता सुरू झाली असती तर एक वाजता संपली असती. पुढचं काय? गणपतीला थांब म्हणायचं?

हे तुझ्या मॉडेलला कसं कळलं नाही?

ते जाऊ दे. मॉडेलवरून आठवलं. तुला नोकरी लागली तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "आत्या, मी पॉवर प्लांटची मॉडेल्स बनवते." मी विचारलं, "शाडूची का प्लास्टरची?" तू इतकी हसलीस की फोन पडला. पण मी काय चुकीचं विचारलं? आमच्या जोह्यात मॉडेल म्हणजे पहिली मूर्ती. मूर्तिकार महिना महिना बसून ती हाताने करतो, मग तिच्यावरून रबरी साचा, आणि साच्यातून दोनशे मूर्ती. मी तर आळीत सांगून मोकळी झाले की आमची प्रणिता विजेच्या कारखान्याची पहिली मूर्ती करते. शेजारची चंद्रावती मला म्हणाली, "त्याला सोंड असते का गो?"

मग तू माघात आलीस आणि ओटीवर बसून मला सगळं सांगितलंस. ते मला अजून पाठ आहे. वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ. दर तासाला ऊन किती पडलं ते एकीकडे, आम्ही वीज किती वापरली ते दुसरीकडे. ऊन जास्त तर उरलेलं बॅटरीत. ऊन कमी तर बॅटरीतून काढायचं. बॅटरी रिकामी झाली आणि लाइनही नसली तर तो तास लाल. सगळे तास चालवून बघायचं, लाल किती झाले, मग बॅटरी मोठी करायची, परत चालवायचं. पन्नास वर्षांची झाले, पण वर्षाला तास किती ते मी कधी मोजले नव्हते. तू गेल्यावर मी भाकऱ्या थापताना मनात म्हणत होते, हा एक तास गेला, हा पिवळा. हा ढगाळ.

आणि ते भिऱ्याचं. लहानपणी आम्ही खांबहून कोलाडच्या बाजाराला जायचो, तेव्हा भर उन्हाळ्यातही नदीला पाणी. आई सांगायची, वर भिऱ्याला विजेसाठी पाणी सोडतात, ते आपल्याकडे येतं. मला वाटायचं वीज काढलेलं पाणी म्हणजे साय काढलेलं दूध. त्याने भात पिकेल का, याची मला काळजी वाटायची. तू सांगितलंस की तिथे वीज जास्त झाली की पाणी परत वरही चढवता येतं, लागेल तेव्हा खाली सोडायला. वर चढवून ठेवलेलं पाणी म्हणजे ठेवलेली वीज. मी दोन दिवस भेटेल त्याला हे सांगत होते. तुझे काका म्हणाले, "आता घरात माठ भरला तरी तू वीज साठवली म्हणशील." गेल्या बुधवारी तुझ्या बाबांचा गुडघा बघायला वरसेला गेले तेव्हा मुद्दाम कोलाडच्या पुलावर उतरले. नदी चढलेली होती. त्या फुगलेल्या होडीत मुंबईची पोरं ओरडत चालली होती. मी मनात म्हटलं, ओरडा, तुम्हाला काय माहीत तुम्ही कशावर बसलात.

गुडघा बरा आहे. चालतात, पण चिडचिड करतात. तुझी आठवण काढतात. फोन त्यांनाही कर.

थांबते. खलीलभाई आले.

मंगळवार, ११ तारीख

दोन दिवस मध्ये गेले. खलीलभाई तुला आठवतील, हमरापूरचे वायरमन, बारा वर्षं मस्कतला विजेच्या कारखान्यावर होते. आले होते फ्यूज बघायला. मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि तुझ्या रिपोर्टचा कागद पुढे ठेवला. म्हटलं, "भाई, पाच तास म्हणजे काय ते सांगा. पोरगी म्हणते आकडे आमचेच."

त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "मैनाताई, बॅटरीत तास नाय भरत. वीज भरते. तास तुम्ही किती जोरात खाता त्याच्यावर. हे पाच तास कुणाचे? माघाचे का आषाढाचे?"

"दोन्हींचे. दोन्ही सारखेच आहेत कागदावर."

"सारखे?" त्यांनी मान वर केली. "आषाढात तुमच्या शेडीत मी स्वतः सहा हॅलोजन लावून दिले. माघात एक पण नाय लागत. सारखे कसे?"

मी चहा आणखी देऊ का म्हणून आत गेले.

बाहेर आले तर ते तिथेच. म्हणाले, "बिलं काढा बघू. बिलावर बाजूला बारा महिन्यांचे युनिट छापतात."

मी आत जाऊन तांदळाच्या पिंपामागचा डबा आणला. त्यांनी डबा बघितला, माझ्याकडे बघितलं. "ताई, ही बिलं उंदरांनी खाल्ली ना? मी इथंच होतो, तुम्ही भाचीला सांगितलंत तेव्हा."

व्हय. सांगितलं होतं. श्रावणात तू वह्या न्यायला आलीस, म्हणालीस आत्या, बिलं दाखव म्हणजे वहीशी पडताळून बघते, आणि मी म्हटलं उंदरांनी खाल्ली. उंदीर नव्हते. आता मी लिहायला बसलेच आहे तर लिहून टाकते. नाहीतर पुन्हा नदीच्या गोष्टीकडे वळेन.

तू माघात मला अकरा वह्या दिल्यास. एकेका कारखान्याची एक. दर तासाला काय चालू होतं, पंखा किती, रंग फवारायचा कॉम्प्रेसर किती वेळ, दिवे किती. म्हणालीस, एक महिना उन्हाचा, एक महिना पावसाचा. आणि हे काम तू माझ्यावर सोपवलंस, शिकलेल्या सुना सोडून. माघात मी रोज फिरले. खरं फिरले. पायात गोळे आले तरी फिरले. माघाचं प्रत्येक पान खरं आहे, देवाशपथ.

आषाढाच्या पहिल्या दिवशी मी वह्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून निघाले. दोन कारखान्यांत कुणी बघितलंही नाही, माना खाली. तिसरा हैबतरावांचा. त्यांच्याकडे तीनशेची ऑर्डर, चाळीस माणसं, सगळीकडे रंगाची वाफ. मी विचारलं, सकाळपासून कॉम्प्रेसर किती तास. हैबतराव म्हणाले, "मैनावहिनी, इथं श्वास घ्यायला वेळ नाय आन तुम्ही तास विचारता? माघाचं लिहिलेलं हाय ना तुमच्याकडं? मॉडेल तयार हाय. साचा घ्या, अकरा नग काढा, मोकळ्या व्हा!" सगळे हसले. एक बाई म्हणाली, "तिसरी पास बाईला पेन दिलं की असं होतं."

मी घरी आले. वह्या दोन दिवस कोनाड्यात ठेवल्या. तिसऱ्या दुपारी बसले आणि माघाची पानं बघून आषाढाची लिहिली. अकराही कारखान्यांची, पूर्ण महिन्याची, दोन दुपारांत. कुठे चाराचे पाच केले, कुठे साताचे सहा, जसं आपण एका साच्यातल्या मूर्तींना वेगवेगळे मुकुट लावतो म्हणजे गिऱ्हाइकाला वाटत नाही की सगळ्या एकच आहेत.

मी स्वतःला सांगितलं की यात खोटं काय. आमच्यात एका मॉडेलवरून दोनशे काढले तरी कुणी लबाड म्हणत नाही. प्रणिता मॉडेलच करते, तिने माघाचं मॉडेल करून घेतलं, मी नग काढले. पण हे मी नंतर शोधून काढलं. लिहिताना मला माहीत होतं. मुकुट बदलायची गरज लपवणाऱ्यालाच पडते.

तेव्हाच सांगितलं असतं. तू श्रावणात आलीस तेव्हा सांगणारच होते. पण तू वह्या उघडल्यास आणि माझ्या गळ्यात पडलीस. म्हणालीस, "आत्या, बाकीच्या गावांच्या वह्या अर्ध्या कोऱ्या आहेत, तुझं एक पान रिकामं नाही." मग दिवाळीनंतर रिपोर्ट आला तर शेवटच्या पानावर माझं नाव, आभार म्हणून. रेशनकार्ड सोडलं तर माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा बघितलं. तुझ्या काकांनी ते पान शेजारी नेऊन दाखवलं. सांग, तेव्हा मी कशी बोलणार होते?

आणि त्या सभेत तू भिंतीवर दोन रेघा दाखवल्यास. माघाची निळी, आषाढाची लाल. एकीवर एक बसत होत्या. तू खुशीने म्हणालीस, "मलाही आश्चर्य वाटलं, पावसाळ्यात मागणी वाढतच नाही." खोलीतल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं की हे खोटं आहे. कुणी तोंड उघडलं नाही, कारण प्रत्येकाने वहीवर न वाचता सही केलेली. मी तोंड उघडलं ते एवढंच, की पुरेल का. वाटलं तूच खोदशील. तू आकडे तुमचेच म्हणालीस. खरंच होतं ते. राग त्याचाच आला.

बाहेर पडताना हैबतराव माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, पोरीनं आमचा आषाढ पार माघ करून टाकला की." मी म्हटलं, "साचा तुम्हीच दिलात." तेव्हा त्यांचं हसू गेलं.

आता कामाचं.

खलीलभाईंनी बिलं मांडली. आमच्या शेडला माघात दिवसाला बारा युनिट, आषाढात सदतीस. हैबतरावांचं बिल मी जाऊन मागितलं, त्यांनी मुकाट दिलं. तिथेही तिप्पटच. म्हणजे तुझे पाच तास आषाढात दीड-पावणेदोन होतात. खलीलभाई म्हणाले, "साडेनऊ-पावणेदहाला गप." आणि त्या वेळेला तुझ्या पत्र्यावरच्या सोलरला ऊनही तिसऱ्या हिश्श्याने. म्हणजे ज्या दिवशी जास्त लागतं त्याच दिवशी कमी मिळतं. हे मला आता कळलं की तू सगळे तास का मोजतेस. वर्षाची सरासरी काढली तर जोहे सुखी दिसतं. आषाढातल्या एखाद्या मंगळवारी ते बुडतं.

त्यांनी मला एक मीटर दिला आहे, भिंतीच्या बोर्डात लावायचा आणि त्यात पंखा लावायचा, म्हणजे आकडा दिसतो. मी रविवारपासून घरातलं सगळं लावून बघितलं. पंखा किती कमी खातो गो! आणि एक हॅलोजन वीस पंख्यांएवढा! मग मी एकाच मापाच्या दोन वीतभर ओल्या मूर्ती घेतल्या, एक हॅलोजनखाली, एक दोन पंख्यांसमोर. हॅलोजनवाली पाठीकडून ओली राहिली आणि पोटाला चीर गेली. पंख्यावालीला वेळ जास्त लागला पण सगळीकडून सारखी वाळली. इतकी वर्षं आम्ही हॅलोजन का लावतो? कुणी सांगितलं? तुझे काका म्हणाले, सगळे लावतात म्हणून. पण हे कार्तिकातलं, हवा कोरडी. आषाढात हवाच ओली असते तेव्हा पंखा काय करणार, हे मला कळत नाही. तुला माहीत असलं तर सांग.

दुसरं. काल माळ्यावर चढले होते. तिथे गेल्या चैत्रात वाळवलेल्या बावीस कच्च्या मूर्ती आहेत, रंगाविना. ठणठणीत. मी त्यांच्याकडे बघत बसले आणि एकदम वाटलं, हे ऊनच ठेवलं आहे की मी माळ्यावर! भिऱ्याला पाणी वर चढवून ठेवतात तसं. चैत्रात फुकट पडणारं ऊन मातीत घातलं, ते आषाढात विजेने घालावं लागणार नाही. मग हे बॅटरीत धरतात का? तुझ्या मॉडेलमध्ये माळ्याला जागा आहे का? हसू नकोस. खलीलभाईंना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, हे भाचीला लिहाच."

अडचणी आहेत, त्याही लिहिते, म्हणजे यावेळी अर्धवट नको. चैत्राचं ऊन कडक, शाडू तडकतो, सावलीत वाळवावा लागतो. माळे सगळ्यांकडे नाहीत. गिऱ्हाईक ज्येष्ठात येऊन म्हणतं यंदा नवी बैठक पाहिजे, मग जुनी मूर्ती पडून राहते. आणि रंगकाम आधी करून ठेवलं तर धूळ बसते, म्हणजे कॉम्प्रेसर आषाढातच चालणार. तो हलत नाही. वाळवण हलतं. मी आणि चंद्रावती कालपासून कारखाने फिरतो आहोत, कोण किती वाळवण चैत्रात करू शकेल ते विचारत. आतापर्यंत सात जण अर्ध्याला हो म्हणाले. हैबतराव म्हणाले, "तिसरी पास बाई आता मला माळा बांधायला लावणार." पण बांधतो म्हणाले.

सोबत पाठवते: अकराही कारखान्यांची बिलं, झेरॉक्स नाही, खरी, परत कर. आषाढात कोणत्या तासाला काय चालतं ते कामगारांना विचारून नव्याने लिहिलेली पानं. ही आठवणीवरून आहेत, तशी नोंद वर केली आहे. बिलाशी जुळतात का बघ. जिथे जुळली नाहीत तिथे मी मुकुट बदललेला नाही, तसंच सोडलं आहे. रघूदादाकडे पापड दिले आहेत, ते वेगळं.

मला माहीत आहे हे तुला अवघड आहे. तू ऑफिसात सांगितलं असशील की जोह्याचं मॉडेल झालं, आता ते हमरापूरला, पुढे इतर गावांना लावणार. सभेत तसंच म्हणालीस. पहिल्या मूर्तीचं नाक वाकडं असलं तर दोनशे नाकं वाकडी निघतात आणि शेवटी नाव मूर्तिकाराचं जातं, ज्याने मातीत खडा मिसळला त्याचं नाही. तुझ्या साहेबांना सांग, खडा मी मिसळला. लेखी देते. हे पत्रच दाखव, उवांचं तेवढं झाक.

रविवारी, २३ तारखेला पुन्हा सभा आहे. त्या दिवशी बॅटरीच्या ऑर्डरवर अकरा सह्या होणार. मी सभेत उभी राहून सांगणार आहे की आषाढाच्या वह्या मी घरी बसून लिहिल्या. हे ठरलं, याला तुझी परवानगी मागत नाही. पण नुसतं चुकलं म्हणून सांगितलं तर लोक म्हणतील, मग बरोबर काय? आणि कुणीतरी उठून म्हणेल, सोडा ती सोलरची भानगड. ते मला व्हायला नको आहे. मला ती बॅटरी हवी आहे, फक्त खऱ्या मापाची.

म्हणून मॉडेल दोनदा चालव. एकदा खऱ्या आषाढाने, आम्ही आहोत तसे. एकदा अर्धं वाळवण चैत्रात नेऊन. दोन्हींत बॅटरी केवढी लागते आणि लाल तास किती, एवढं लिहून पाठव. गुरुवार, २० तारखेपर्यंत. त्या दिवशी अमावास्या आहे म्हणून टाळू नकोस, आकड्यांना अमावास्या लागत नाही. फोनवर नको, फोनवर तू गोड बोलशील आणि मला काही कळणार नाही. कागदावर.

गुरुवारपर्यंत नाही आलं तरी मी रविवारी उभी राहणारच. सह्या थांबवा म्हणेन आणि खाली बसेन.

आणि त्याच कागदावर आणखी एक लिही. माझ्या हातची वही तू पुन्हा कधी घेशील का? हो का नाही, तेवढंच. कारण देऊ नकोस.

खाली नुसतं नाव लिहिते. त्याला आत्या लावायचं का, ते तुझ्या उत्तरात बघेन.

मैना